ब्लाऊजवरून घालायचा जुना अमेरिकन जंपर: ओळखायचा, मापायचा, धुवायचा आणि अंगावर नीट बसवायचा

माझी आजी साडीवरच्या ब्लाऊजला शेवटपर्यंत झंपर म्हणायची. "झंपर घट्ट झालाय गं, जरा उसवून दे" वगैरे. इंग्लंडमध्ये जंपर म्हणजे स्वेटर. आणि मी अमेरिकेत आले तर इथे जंपर म्हणजे बिनबाह्यांचा ड्रेस, जो ब्लाऊजच्या वरून घालतात. म्हणजे शब्द तोच, पण कुठे आत, कुठे वर, कुठे त्याच्याही वर. म्हणून आधीच सांगते, या लेखात जंपर म्हणजे तो वरून घालायचा ड्रेस, ज्याला ब्रिटिश लोक पिनाफोर म्हणतात, आणि ब्लाऊज म्हणजे कमरेखाली येणारा शर्टसारखा टॉप, साडीवरचा नाही.

खरं तर ही वस्तू आपल्याला नवीन नाहीच. शाळेचा तो बॉक्स प्लीटवाला ट्युनिक आठवा, आत पांढरा शर्ट, वरून कापडी बेल्ट. इंग्लंडमधल्या मुलींच्या जिमस्लिपचं ते भावंडं. जिमस्लिप आली १८९० च्या दशकात, मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्या व्यायामशिक्षण कॉलेजातून, आणि त्याचं श्रेय तिथल्या मेरी टेट नावाच्या विद्यार्थिनीला देतात. मुलींना हातपाय हलवता यावेत म्हणून बनवलेला कपडा, आणि आपण तोच घालून पीटीच्या तासाला सावलीत बसायचो, ते जाऊ दे.

मी ओहायोत राहते, थ्रिफ्ट दुकानं (जुने कपडे-वस्तू विकणारी) आणि एस्टेट सेल (म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान विकायला काढतात ते) फिरायचं व्यसन आहे, आणि गेल्या काही वर्षांत ४०-५० च्या दशकापासून ७० पर्यंतचे बरेच जंपर हाताखालून गेले. पैसेही बरेच फुकट घालवले. चुका बहुतेक एकाच कारणाने झाल्या, मी त्याला ड्रेस समजून माप घेतलं. जंपर हा दुसऱ्या कपड्यावर बसायला कापलेला असतो, त्यामुळे त्याचा मुंढा (बाही जिथून निघते ते भोक), गळा, छाती, सगळं आतल्या ब्लाऊजच्या हिशोबाने असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे.

पायरी १: हा खरंच जंपर आहे का नुसता स्लीव्हलेस ड्रेस?

ऑनलाइन विकणारे कशालाही जंपर म्हणतात. फोटोत आधी मुंढा बघायचा. साध्या स्लीव्हलेस ड्रेसचा मुंढा काखेच्या अगदी जवळ येऊन थांबतो, कारण तिथून आतलं काही दिसू नये असं बघतात. जंपरचा मुंढा एक ते दोन इंच खाली उतरलेला असतो, कधी कधी त्याहूनही जास्त, कारण तिथून शर्टाची अख्खी बाही बाहेर यायची असते. खांदा अरुंद असतो. गळा खोल, चौकोनी किंवा यू किंवा व्ही, कॉलर बाहेर काढता येईल असा. अस्तर बहुतेक वेळा गुळगुळीत असतं, नाहीतर आतला सुती शर्ट त्याला चिकटून वर चढतो. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे नुसता अंगावर घालून बघायचा, ब्रा बाजूने दिसली की तो जंपर, कारण शिवणाऱ्याने तो नुसता घालायला शिवलेलाच नाही.

आणखी एक, काही जंपर मुळात सेटमध्ये विकले जायचे, सोबत मॅचिंग ब्लाऊज. जंपर राहतो, ब्लाऊज हरवतो, कारण ब्लाऊज रोज धुतला जातो आणि फाटतो. विकणाऱ्याकडे दोन्ही असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या.

पायरी २: किती जुना आहे ते काढायचं

इथे मला फार मजा येते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी चेन बघा. धातूची चेन डाव्या बाजूच्या शिवणीत असेल तर बहुधा ३० च्या दशकाचा शेवट, ४० किंवा ५० चा सुरुवातीचा काळ. पाठीवर मधोमध धातूची चेन असेल तर ५० आणि ६० चा सुरुवातीचा भाग. नायलॉनची चेन असेल तर ६० किंवा त्यानंतरचा. पण चेन बदललेली असू शकते, म्हणून चेनच्या कडेची शिलाई बघायची, दोऱ्याचा रंग वेगळा किंवा जुन्या सुईची भोकं दिसली तर चेनवर विश्वास ठेवायचा नाही.

मग लेबलं. अमेरिकेत १९६० च्या मार्चपासून कपड्यावर कुठला धागा किती टक्के ते लिहिणं कायद्याने आलं. लोकरीसाठी हा नियम त्याच्याही आधीचा आहे, १९३९ च्या कायद्याचा, म्हणून नुसतं "१०० टक्के वूल" लिहिलेलं बघून ६० नंतरचा असं ठरवू नका. आणि धुवायचं कसं ते सांगणारं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं. म्हणजे ज्या जंपरवर धाग्याचे टक्के आहेत पण धुण्याची सूचना नाही तो साधारण १९६० ते ७२ मधला, आणि दोन्ही नाहीत तर त्याआधीचा किंवा घरी शिवलेला (किंवा कुणीतरी टोचतं म्हणून लेबल कापलेलं, तेही होतं).

बाजूच्या शिवणीत आत बोट फिरवा, तिथे एक छोटं युनियनचं लेबल सापडू शकेल. इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन, १९०० साली सुरू झालेली बाईमाणसांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची संघटना. त्यांच्या लेबलचं डिझाइन ठराविक वर्षांनी बदललं, लाल-पांढरं-निळं असं तिरंगी असेल तर ते १९७४ ते १९९५ मधलं. माझ्याकडे एक हिरव्या कॉर्डरॉयचा जंपर आहे, विकणारीने छातीठोकपणे ५० च्या दशकातला म्हणून दिला होता, घरी आणून आत बघितलं तर तेच तिरंगी लेबल. तरी घालते, रंग छान आहे.

घरी शिवलेले ओळखायचे असतील तर आतल्या कडा बघा. नागमोडी कात्रीने कापलेल्या कडा, हाताने घातलेली खालची दुमड, लेबल नाही, आणि कुठेतरी एखादा टक्स (फिटिंगसाठी आत शिवलेली चिमटी) दुसऱ्यापेक्षा पाव इंच लांब. मला हे जास्त आवडतात. घरच्या शिवणीत बहुतेक वेळा कापडाला हात सढळ असतो, आत माया (शिवणीपलीकडचं जादा कापड) जास्त ठेवलेली असते, आणि ती पुढे आपल्या कामाला येते.

युद्धाच्या काळातले मात्र कंजूष असतात. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने एल-८५ नावाचा आदेश काढून बायकांच्या कपड्यात किती कापड वापरायचं यावर बंधनं घातली, घेर, दुमडीची खोली, सगळ्यावर. त्यामुळे ४२ ते ४६ मधल्या दुकानी जंपरची खालची दुमड उसवून लांबी वाढवू असं मनात असेल तर आधी मोजा, तिथे काही मिळायचं नाही.

पायरी ३: माप, ब्लाऊज घालून

साइजचा आकडा विसरून जा. जुन्या पेपर पॅटर्नमध्ये (घरी शिवण्यासाठी विकत मिळणारे कागदी नमुने) १४ नंबर म्हणजे ५० च्या मध्यापर्यंत छाती ३२ इंच, त्यानंतर ३४, आणि १९६७-६८ च्या नव्या मापांनंतर ३६. तोच १४, चार इंचांचा फरक. दुकानी कपड्यात तर प्रत्येकाचं आपापलं. ७, ९, ११ असे विषम आकडे ज्युनिअर म्हणजे बारीक, तरुण अंगासाठी, १४ १/२ सारखे अर्धे आकडे बुटक्या आणि भरलेल्या बांध्यासाठी. आपल्यापैकी बऱ्याच जणींना हे अर्धे आकडे फार छान बसतात, पाठीची उंची कमी असते ना, आणि लोक ते नाव बघून घाबरतात म्हणून स्वस्तही मिळतात.

आता टेप घ्या. जो ब्लाऊज आत घालणार आहात तोच घाला, बाही खाली सोडा, आणि त्याच्यावरून छाती मोजा. माझी अंगावरची छाती ३६, पॉपलिनच्या शर्टावरून ३७, लोकरीच्या टर्टलनेकवरून ३८ च्या आसपास. याच्यात किमान दोन इंच मोकळीक धरायची. म्हणजे शर्टासाठी मला जंपर हवा ३९ चा, सपाट ठेवून काखेतून काखेपर्यंत साडेएकोणीस. विकणारी लिहिते १८, म्हणजे ३६, म्हणजे ड्रेस म्हणून मला जेमतेम झाला असता पण जंपर म्हणून नाही. असे दोन मी घेऊन बसलेय.

पण यातही गोम आहे. जंपरचा मुंढा खाली असतो, त्यामुळे विकणारी जिथून "काखेतून काखेपर्यंत" मोजते ती जागा तुमच्या काखेच्या दीड-दोन इंच खाली येते, म्हणजे छातीचा सगळ्यात भरलेला भाग त्याच्या वर राहू शकतो, आणि तिथे पुढच्या भागाची रुंदी अपुरी पडली की मुंढा बाजूने उघडतो, चोच केल्यासारखा. म्हणून पुढच्या भागाची रुंदी वेगळी मागा, एका मुंढ्यापासून दुसऱ्यापर्यंत, छातीच्या रेषेवर. विकणारीला हे विचारलं की ती एकतर खूश होते किंवा उत्तर देत नाही.

कंबर मोजताना ब्लाऊज आत जाणार हे धरा, शर्टाची शेपटी कमरेखाली बसते, दोन थर, बटणपट्टी, सगळं मिळून एक इंच सहज जातो. आणि बसून मोजा. उभं राहून मोजलेल्या कमरेने माझी एक चेन पार्टीत गेलीये.

खांद्यापासून कमरेपर्यंतची उंचीही मोजा. जंपरची कंबर तुमच्या कमरेच्या वर आली तर कितीही सैल असला तरी लहान बहिणीचा घातल्यासारखा दिसतो. पट्ट्यांवर बटणं असतील तर हा प्रश्न सुटतो, बटण सरकवलं की झालं.

पायरी ४: घेण्याआधी तपासणी

खिडकीसमोर धरा, उजेडाकडे. कसरीची (लोकर खाणाऱ्या किड्याची) भोकं अशीच दिसतात, एरवी नाही. एखाददुसरं असेल तर रफू होतं, जागोजागी असतील तर ठेवून द्या, कारण अंडी आत असणार आणि ती तुमच्या शालींपर्यंत पोचणार.

जुन्या ड्रेसचं मरण काखेत असतं, घामाने कापड कुजलेलं, रंग उडालेला. जंपरचं इथे नशीब चांगलं, सगळा घाम आतल्या ब्लाऊजने खाल्ला, त्यामुळे ५०-६० वर्षांचा जंपरही काखेत धडधाकट निघतो. त्याच्या दुखण्याच्या जागा वेगळ्या: बसून बसून चमकलेली मागची बाजू, पट्ट्यांची काजं, खिशाचे कोपरे, चेनचं खालचं टोक. खालची दुमड आधी कुणी सोडली असेल तर जुनी घडी पांढरट रेघ म्हणून दिसते, ती इस्त्रीने जात नाही, विशेषतः मखमली कापडावर आणि कॉर्डरॉयवर. तिथे एक सजावटीची फीत लावणे हाच उपाय.

पायरी ५: धुणं

आधी कापड ओळखा. आतल्या शिवणीतून दोन धागे काढा, चिमट्यात धरून सिंकवर जाळा. जळलेल्या केसांचा वास आणि चुरा होणारी राख असेल तर लोकर किंवा रेशीम. कागद जळल्याचा वास म्हणजे कॉटन, लिनन किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. रेयॉन ओलं असताना फार कच्चं होतं, ते पिळायचं नाही आणि ओलं टांगायचंही नाही, स्वतःच्याच वजनाने ओढलं जातं. अस्तर ॲसिटेटचं असू शकतं, त्यावर नेलपॉलिश रिमूव्हर सांडला तर अस्तर विरघळतं, डाग काढायच्या नादात हा उद्योग करू नका.

लोकरीचा असेल आणि कसरीची शंका असेल तर धुण्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी धरतं. माझ्या नवऱ्याला एकदा मटारची पिशवी म्हणून राखाडी फ्लॅनेलचा जंपर सापडला होता.

मग थंड पाणी, थोडं लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड, किंवा घरी असेल तर रिठ्याचं पाणी (फिकट रंगाला नको, पिवळट झाक येते). दाबायचं, चोळायचं नाही. काढून टॉवेलमध्ये गुंडाळायचं, टॉवेल दाबायचा, आणि सपाट वाळवायचं. मशीनचं "वूल" बटण बघून मी एकदा मोहात पडले होते, पाणी कोमट होतं, आणि सुंदर नेव्ही फ्लॅनेलचा जंपर बाहेर आला तो घोंगडीसारखा जाड, उंचीला तीन इंच कमी, मुंढा तर माझा हातही जाईना. लोकर आटली की परत येत नाही. त्याच्या मी चहाच्या किटलीसाठी टोप्या शिवल्या.

अस्तर असलेला, आतून खांद्यात कॅनव्हास घातलेला, किंवा मखमली असेल तर घरी धुवूच नका, ड्रायक्लीनला द्या आणि देताना बटणांवर चांदीचा कागद गुंडाळा.

पायरी ६: दुरुस्ती, पण कात्री उशिरा

नियम एकच, आधी उसवायचं, मग टाचून घालून बघायचं, आणि कापायचं सगळ्यात शेवटी, शक्यतो नाहीच. बाजूच्या शिवणीत माया असेल तर दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच सोडला तर घेरात दोन इंच मिळतात, कारण पुढचा आणि मागचा असे चार थर असतात. मुंढा टोचत असेल तर तो खाली कापणं सोपं वाटतं, पण अर्ध्या इंचापेक्षा जास्त एकदम नको, आणि आतली पट्टी आधी सोडवून. उलट मुंढा चोच करत असेल तर काखेच्या बाजूला छोटा टक्स घाला, शर्टावरून दिसत नाही.

धातूची चेन अडत असेल तर पेन्सिलीचं शिसं किंवा मेणबत्ती दातांवर घासा, बदलायची घाई नको.

भारतात असाल आणि जुना मिळत नसेल तर शिवून घेणं उत्तम. शिंप्याला अमेरिकन जंपर वगैरे सांगू नका. "शाळेच्या ट्युनिकसारखं शिवा, प्लीटा नकोत, ए लाइन, मुंढा नेहमीपेक्षा दीड इंच खाली, आणि हा शर्ट घालून माप घ्या" एवढं सांगा, मास्टरला बरोबर कळतं. गुडघ्यापर्यंतच्या ए लाइनला ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं. कॉर्डरॉय घेतलं तर सगळे भाग एकाच दिशेने कापायला बजावून सांगा, नाहीतर पुढचा भाग एका रंगाचा आणि मागचा दुसऱ्या रंगाचा दिसेल. मुंबईत लोकर घ्यायच्या फंदात पडू नका, डेनिम, जाड खादी किंवा कॉटन ट्विल बास.

पायरी ७: आत काय घालायचं

४०-५० चे घेरदार जंपर गोल बेबी कॉलरच्या पांढऱ्या ब्लाऊजवर छान दिसतात, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच मला ते जरा शाळकरी वाटतं. त्याऐवजी बारीक चौकड्यांचा किंवा गडद रंगाचा शर्ट घाला, वय परत येतं. ६० चे सरळ, आखूड, मेरी क्वांट छापाचे (या ब्रिटिश फॅशन डिझायनरने १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर बझार नावाचं दुकान काढलं, पिनाफोर तिच्या खास मालापैकी) त्यांना पातळ टर्टलनेकच हवा, शर्टाची कॉलर त्यात गर्दी करते. ७० च्या फुलाफुलांच्या लांब जंपरना फुग्याची बाही.

बाही कुठलीही चालते असं नाही. मुंढ्यातून बाही बाहेर येते तिथे कापड गोळा झालं तर दिवसभर काखेत पोटली धरल्यासारखं होतं. म्हणून बाहीचा वरचा भाग घट्ट, फुगा असेल तर कोपराखाली.

साडीवरचा ब्लाऊज आत घालून बघू नका, मी बघितलंय. तो आखूड असतो, हात वर केला की वर सरकतो आणि बाजूच्या खोल मुंढ्यातून उघडं अंग दिसतं. त्यापेक्षा जुना कॉटनचा कुर्ता नितंबांपर्यंत कापून घ्या, बाजूचे कट शिवून टाका, शेपटी लांब राहते म्हणून बाहेर येत नाही. चिकनचा पांढरा कुर्ता असा कापून नेव्ही जंपरखाली घातला तर इथल्या बायका थांबवून विचारतात कुठला ब्लाऊज आहे म्हणून.

शर्ट आणि जंपर एकमेकांना चिकटून चालताना वर चढत असतील तर मध्ये परकर. म्हणजे हाफ स्लिप, पण साटीनचा साधा साडीचा परकर गुडघ्यापर्यंत कापला तरी तेच काम होतं. थंडीत कोरड्या हवेत वीज धरते तेव्हा तर हवाच.

पायरी ८: ठेवणं

घेरदार आणि जड जंपर हँगरवर ठेवू नका, सगळं वजन त्या दोन अरुंद खांद्यांवर येतं आणि वर्षभरात पट्ट्या इंचभर लांब होतात. घडी घालून, घडीच्या आत जुनं मऊ सुती कापड, आणि दर ऋतूला घडी बदलायची, आपण पैठणीची बदलतो तशी. डांबरगोळ्या कापडाला टेकवायच्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर वास निघता निघत नाही म्हणून मी ठेवतच नाही, धुवून, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. कसर मळलेल्या लोकरीवर जास्त येते. डब्यावर चिठ्ठी चिकटवायची, छाती, कंबर, आणि कुठल्या ब्लाऊजवर मापलाय ते, कारण पुढच्या हिवाळ्यात तुम्ही भलताच जाड स्वेटर आत घालून चेन ओढत बसाल.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला हिरवा कॉर्डरॉय दाखवला. म्हणाली, "आणि याला जंपर म्हणतात? मग आत घातलंयस त्याला काय म्हणायचं?"